शेलेच्या गावातल्या लेकीला

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ कॉलवर तू मनगट बाहीखाली सारत होतीस ते मला दिसलं. "काही नाही गं, ॲसिडचा थेंब उडाला," एवढंच म्हणालीस. हे रात्री दोन वाजता घडलं, हे मला पिंट्याकडून कळलं. त्यानंतर फोनवर आपलं जे झालं ते झालं. बाबा म्हणाले, आता लगेच फोन नको, लिही. म्हणून बसलेय.

जखमेचं म्हणशील तर ती भरेल. तू हात लगेच नळाखाली धरलास, बराच वेळ धरलास, हे ऐकून मला बरं वाटलं. माझा प्रश्न जखमेचा नाही. त्या मजल्यावर त्या वेळी तुझ्याशिवाय कोण होतं, एवढंच मला विचारायचं आहे. एकदाच विचारते.

तुला स्वीडनमध्ये उप्सालाला प्रवेश मिळाला तेव्हा मला सगळ्यात आधी रसायनशास्त्रज्ञ शेले आठवला होता. १७७० ते १७७५ तो तुझ्याच गावात एका औषधाच्या दुकानात काम करत होता. विद्यापीठाची पदवी नाही, हाताशी साधनं बेताची, आणि तरी त्यानं प्राणवायू इंग्लंडच्या प्रीस्टलीच्या आधी वेगळा काढला होता. पुस्तक छापून यायला १७७७ उजाडलं, तोवर प्रीस्टलीचं नाव झालं होतं. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मुलं हळहळायची. क्लोरिनही पहिल्यांदा त्यानंच तयार केला. त्या काळात नवा पदार्थ हाती आला की त्याचा वास घ्यायचा आणि तो जिभेवर ठेवायचा, ही रसायनशास्त्राची रीतच होती. शेलेनं हायड्रोसायनिक ॲसिडचीसुद्धा चव लिहून ठेवली आहे: किंचित गोडसर, तोंडात ऊब आणणारी. सायनाइडची चव, मुक्ता! ते पचवून तो पुढे काही वर्षं जगला आणि १७८६ मध्ये ४३ व्या वर्षी गेला. पारा, आर्सेनिक, असलं सगळं वर्षानुवर्षं अंगात गेलं, त्यानंच तो खचला असं पुष्कळ जण मानतात. मरणाच्या जेमतेम काही दिवस आधी त्यानं दुकानाच्या आधीच्या मालकाच्या विधवेशी लग्न केलं, दुकान तिच्याकडे राहावं म्हणून. इतकं कळणाऱ्या माणसाला आपल्या जिभेचं कळलं नाही.

तूही लहानपणी सगळं चाटायचीस. चौकोनी बॅटरीची दोन टोकं जिभेला लावून धावत आलीस, "आई, आंबट वीज!" आजी घाबरली, बाबा हसले, आणि मी तुला हात धुण्याची शिस्त लागावी म्हणून सॅकरिनची, साखरेऐवजी वापरतात त्या गोड रसायनाची, गोष्ट सांगितली. १८७९, बाल्टिमोर. फालबर्ग डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करून घरी गेला, हात न धुता पाव उचलला, तर पाव गोड! तसाच प्रयोगशाळेत परतला आणि टेबलावरच्या एकेका भांड्यातलं चाखत सुटला. त्यात विषारी किंवा जाळणारं काही नव्हतं हे नशीब, असं त्यानंच पुढे सांगितलं. सायक्लामेट १९३७ मध्ये असंच सापडलं, टेबलावर टेकवलेली सिगारेट पुन्हा ओठात धरली तर गोड लागली म्हणून. अस्पार्टेम १९६५ मध्ये, कागद उचलायला बोट चाटलं म्हणून. साखरेला पर्याय म्हणून माणसानं जे शोधलं, त्यातलं बरंचसं न धुतलेल्या हातांनी शोधलं. तू गोष्ट ऐकलीस आणि दुसऱ्या दिवशी रिठा, तुरटी, खडू, सगळं चाखून वहीत तक्ता केलास. ती वही वरच्या खोलीतल्या पेटीत आहे. तुरटीपुढे 'तोंड आवळतं' असं लिहिलंयस, अक्षर किती सुंदर होतं तुझं.

हे मी कुठून कुठे आले.

सांगायचं होतं ते असं, की स्वतःवर प्रयोग करणारी ही वेडी माणसंसुद्धा बहुतेक वेळा एकटी नव्हती. हाफकिनचं घे. परळला त्या संस्थेसमोरून जाताना तू नेहमी विचारायचीस, हे कोण. ओडेसाचा माणूस, प्लेगच्या मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत तीनेक महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. मात्रा पुढे लोकांना दिली त्याहून कितीतरी मोठी. ताप चढला, दुखलं, पण डॉक्टर मंडळी साक्षीला होती. भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांची पाळी त्यानंतरची.

फोर्समानचं तर अजबच. १९२९, जर्मनीतलं एबर्सवाल्ड. २४ वर्षांचा पोरगा डॉक्टर, वरिष्ठांनी नको म्हटलेलं. सामानाच्या किल्ल्या असलेल्या परिचारिकेला त्यानं पटवलं, ती म्हणाली माझ्यावर कर. तिला टेबलाला बांधलं आणि नळी स्वतःच्याच दंडातून हृदयाच्या दिशेनं सरकवली. मग तिला सोडून, नळी तशीच ठेवून, जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेला, तीही बरोबर, आणि तिथे ती नळी हृदयापर्यंत नेली. १९५६ मध्ये नोबेल. आणि तो ऑस्ट्रेलियाचा मार्शल, ज्यानं १९८४ मध्ये अल्सरचे जंतू पिऊन दाखवले, त्यानं घरी बायकोला आधी सांगितलंच नव्हतं. मला पूर्वी यात शौर्य दिसायचं. आता मला ती बायको दिसते. तुम्ही लोक घरी का सांगत नाही गं?

बघ, पुन्हा सुरू झालं माझं. राग मानू नकोस. तू तिशीला आलीस, तुझी कामं तुला माझ्याहून जास्त कळतात. तुझ्या पेपरचं पहिलं पान बाबा येईल त्याला दाखवतात. मी शब्दकोश घेऊन अख्खा पेपर वाचला, आणि तिसऱ्या आकृतीतला आलेख मला समजला याचा किती आनंद झाला ते तुला फोनवर सांगायचं होतं, तेवढ्यात मनगट दिसलं.

मेरी क्यूरी आणि तिची लेक इरेन, त्यांचं मी इथे काढत नाही. ती माय-लेकींची गोष्ट आज माझ्याच्यानं लिहवणार नाही.

त्यापेक्षा हॉल्डेन बरा. जे. बी. एस., जो पुढे भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला गेला, तो. त्याचे वडील खाणीतल्या वायूंचे जाणकार. त्यांनी पोराला कोळशाच्या खाणीत नेलं, छताजवळ मिथेन साचला होता तिथे उभं केलं आणि शेक्सपिअरच्या नाटकातलं अँटनीचं भाषण म्हणायला लावलं. म्हणता म्हणता पोराला धाप लागली, पाय गेले, तो जमिनीवर कोसळला. खाली हवा चांगली होती. मिथेन हवेहून हलका, वर राहतो, हे तो जन्मभर विसरला नाही. मी कुणाच्या लेकराला असं शिकवलं नसतं. पण बाप तिथेच, हाताच्या अंतरावर होता.

मी सांगलीत आहे.

आणि ग्लोव्हज घालते, वाफा खेचून घेणाऱ्या हूडखाली काम करते, हे उत्तर मला देऊ नकोस. कॅरन वेटरहानही ते करत होती. अमेरिकेतल्या डार्टमथची प्राध्यापक, विषारी धातूंचाच अभ्यास. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगाचे एकदोन थेंब तिच्या लेटेक्सच्या ग्लोव्हवर पडले. नियमांत बसतं ते सगळं तिनं केलं होतं. ते द्रव्य असल्या ग्लोव्हमधून काही सेकंदांत पार होतं, हे तिच्या नंतर चाचण्या केल्या तेव्हा कळलं. जानेवारीत तोल जायला लागला, जूनमध्ये गेली. ४८ वर्षांची. तिच्या वहीतल्या नोंदींवरून तो दिवस सापडला, आणि तिच्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत ग्लोव्हज बदलले. तुझ्या कपाटातले कुठल्या जातीचे आहेत ते बघ आणि मला कळव. मला त्यातलं समजतं.

सुधाच्या वेळी दार आतून लावलेलं होतं. तुला ठाऊक आहे. त्यापुढे लिहीत नाही.

रात्रीचं काम सोड असं मी म्हणत नाही, तुझा प्रयोग घड्याळ बघून चालत नाही हे मला कळतं. कुणीतरी त्या मजल्यावर असू दे, नाहीतर निघताना कुणालातरी कळव, आणि ते कुणी झोपेतून उठून दार ठोठावणारं असू दे. तुझ्या शेजारच्या टेबलावर ती फिनलंडची मुलगी आहे ना, जिला तू चकल्या दिल्यास? तिचा नंबर मला पाठव. उगाच फोन करणार नाही. तिचं नाव मात्र देवनागरीत लिही, म्हणजे वेळ आली तर मला नीट हाक मारता येईल.

मेतकूट आणि भाजणी बुधवारी पाठवतेय. बाबा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, ठीक आहे.

तुझी,
आई