मुलाचे पाय खरंच पाळण्यात दिसतात का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले तीन आठवडे रात्री जेवणं आटोपली की मी एकच गोष्ट बघतेय, ब्रिटनमधली ‘सेव्हन अप’ ही डॉक्युमेंटरी आणि तिचे पुढचे सगळे भाग. १९६४ साली ग्रॅनाडा टेलिव्हिजनने सात वर्षांची १४ मुलं निवडली, कुणी लंडनच्या ईस्ट एंडमधल्या कामगारांची, कुणी महागड्या खासगी शाळेतली, दोघं बालगृहात राहणारी, एक यॉर्कशरमधल्या शेतकऱ्याचा पोरगा. त्यांना विचारलं, मोठं होऊन काय करणार. खरं तर तो एकदाच दाखवायचा कार्यक्रम होता, पण त्यात रिसर्चर असलेले मायकेल ॲप्टेड दर सात वर्षांनी त्याच मुलांकडे जात राहिले, त्यांनी केलेला शेवटचा भाग २०१९ चा, तोवर ती मुलं साठी ओलांडून गेलेली. २०२१ च्या जानेवारीत ॲप्टेडच गेले.

आपण म्हणतो ना मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, तसंच एक जुनं वचन या मालिकेच्या मुळाशी आहे, सात वर्षांचं होईपर्यंत मूल माझ्याकडे द्या, पुढचा माणूस मी देतो. मी ३१ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, स्टाफरूममध्ये आम्हीही असंच बोलायचो, हा साहेब होणार, तो वाया जाणार. त्यामुळे टोनीचा भाग बघताना मला स्वतःचीच लाज वाटली. टोनी ईस्ट एंडचा चुळबुळ्या मुलगा, जॉकी व्हायचं स्वप्न बघणारा. तो २१ चा झाला तेव्हा ॲप्टेडना खात्रीच वाटली की हा एक दिवस तुरुंगात जाणार, म्हणून त्यांनी त्याला गाडी चालवायला लावून गुन्ह्यांसाठी बदनाम असलेल्या जागांचं शूटिंग करून ठेवलं, पुढच्या भागात कामी येईल म्हणून! टोनी टॅक्सी ड्रायव्हर झाला, संसार केला, तुरुंगाचा काही संबंध आला नाही. आपली चूक ॲप्टेडनी नंतर मोकळेपणाने सांगितली, हे मला फार मोठं वाटतं.

आणि नील. लिव्हरपूलजवळचा, सातव्या वर्षी इतका हसरा, बोलका, की त्याची काळजी करायचं कुणाच्या मनातही येणार नाही. अंतराळवीर व्हायचं म्हणतो, नाहीतर बस ड्रायव्हर. २१ व्या वर्षी कॉलेज सुटलेलं, २८ व्या वर्षी स्कॉटलंडमध्ये बेघर फिरतोय, चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं कळत नाही. तो भाग बघून मी झोपू शकले नाही. ३५ ला शेटलंडच्या बेटांवर एकटा, आणि ४२ ला बघते तर लंडनमध्ये नगरसेवक! मधल्या काळात त्याला आपल्या घरात राहायला जागा दिली ब्रूसने, जो याच १४ जणांतला, गणिताचा शिक्षक झालेला. हे कुठल्या पाळण्यात दिसलं असतं सांगा.

खासगी शाळेतल्या तीन मुलांनी मात्र सातव्या वर्षीच पुढची शाळा, युनिव्हर्सिटी घडाघडा सांगितली होती आणि बरंचसं तसंच झालं, तिथे घराणं आणि पैसा बोलतो हेही नाकारता येत नाही.

एक खटकलंच. १४ मुलांत मुली फक्त चार. ॲप्टेडनाही नंतर त्याची खंत वाटत होती. आणि त्या चौघींतली जॅकी ४९ व्या वर्षी कॅमेऱ्यासमोरच त्यांना त्यांच्या प्रश्नांवरून सुनावते, तेव्हा मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या. ज्यांचं आयुष्य सगळ्यांसमोर उघडं होतं त्यांनी असं बोलायलाच हवं. काही जण मध्येच सोडून गेले, तेही बरोबरच होतं त्यांच्या जागी.

आता तुमच्याकडे मागणी. दरवर्षी जूनमध्ये तुम्ही पहिलीच्या मुलांचे रडवेले फोटो छापता, दहावीच्या निकालाला पेढा भरवतानाचे छापता, आणि नंतर त्या मुलांचं काय झालं कुणीच विचारत नाही. यंदा जिल्ह्यातली दहा-बारा मुलं निवडा, त्यात झेडपीच्या शाळेतली हवीत, ऊसतोड कामगारांची हवीत, निम्म्या मुली हव्यात. आईवडिलांना नीट समजावून विचारा. सात वर्षांनी परत जा, आणि तेव्हा त्या मुलाने नाही म्हटलं तर त्याचा फोटो छापू नका. पहिल्या वर्षी मुलांशी बोलायला माणूस लागला तर मी बिनपैशाने यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा