ताई, ड्रेनेजच्या पैशांसाठी थँक्यू

ताई नमस्कार,

नगरसेवकांचे आभार मानायचे तर बाकडी, कमान, कापडी पिशव्या असं काहीतरी लागतं, फ्लेक्स पण त्याचेच लागतात. जमिनीखालच्या पाइपचा फ्लेक्स कोण लावणार, म्हणून हे पत्र.

जानेवारीत आमच्या बोळातली ड्रेनेज लाइन खचून तुंबली. चार बिल्डिंगचं सांडपाणी त्या एकाच लाइनीतून जातं त्यामुळे ती कोणाची इथूनच भांडण सुरू, आम्ही म्हणायचो कॉर्पोरेशनची, ऑफिसात म्हणायचे खाजगी आहे, आणि वरच्या मजल्यावरचे म्हणायचे आमच्याकडे तर काही तुंबत नाही मग वर्गणी कशाला. तळमजल्यावरच्या काकूंच्या मोरीतून मात्र सगळ्यांचं पाणी उलटं वर येत होतं.

तुम्ही आलात, झाकण काढायला लावून स्वतः वाकून बघितलंत (नाकाला पदर न लावता, हे आमच्या आईने चार जणींना सांगितलंय). तेव्हा कळलं की तुम्ही ‘स’ यादीतले, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या वॉर्डातल्या कामांच्या निधीतले, काही पैसे सामाईक ड्रेनेजच्या तातडीच्या दुरुस्तीला म्हणून आधीच बाजूला ठेवलेत. महापालिका कायद्यातल्या कलम 67(3)(क) खाली आयुक्त टेंडरच्या भानगडीत न पडता अर्जंट काम करून घेऊ शकतात हे खरंय, पण बजेटच्या त्या हेडमध्ये (खात्यात) पैसे तर हवेत ना! वर्ष संपत आलं की वर्गीकरण करून, म्हणजे एका हेडचे दुसऱ्या हेडला फिरवून, असे पैसे फुटपाथच्या ब्लॉककडे कसे वळतात ते काय आम्हाला माहीत नाही का. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत, खरे आभार त्याचे आहेत.

खोदल्यावर कळलं, पाइप चिनीमातीचे जुने, आणि जॉइंटमधून उंबराच्या मुळ्या आत घुसून वेणीसारख्या गच्च बसलेल्या. कितीही जेटिंग (जोराच्या पाण्याचा फवारा) मारलं तरी परत का तुंबायचं ते तेव्हा समजलं. चेंबरचं सिमेंट तर नखाने उकरलं तरी पडत होतं, गटारातल्या गॅसचं ॲसिड होऊन ते सिमेंट खातं म्हणे.

आणि एक. मुकादम म्हणाला पोराला खाली उतरवतो, पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही तिथल्या तिथे नाही म्हणालात. साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, पण ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणूनच माणसं जातात, गटारातला तो गॅस जास्त झाला की वास यायचाही बंद होतो. मग पंप लावून पाणी पुढच्या चेंबरला वळवलं आणि वरून खोदूनच पाइप बदलला. वेळ जास्त गेला, जाऊ दे.

आता काकूंची मोरी कोरडी आहे आणि वरचे लोकही वर्गणीबद्दल जरा नरमलेत. नव्या बजेटमध्ये ते हेड तसंच ठेवा, पलीकडच्या बोळातली लाइनही त्याच वयाची आहे. आणि हो, खड्डा नुसता मुरमाने भरलाय, डांबराचं तेवढं बघा ना, स्कूटर घसरतायत.

तुमचे,
बोळातले चार बिल्डिंगवाले