कार्बन फायबरची कात्रणे कचऱ्यात नकोत

महोदय,

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत मी गेली बावीस वर्षे प्लास्टिक मोल्डिंगचा व्यवसाय करतो. आमच्या शेजारच्या गाळ्यांत कार्बन फायबरचे, म्हणजे कार्बनच्या हलक्या व मजबूत धाग्याचे, भाग तयार होतात आणि तिथली कात्रणे, तसेच रेझिन (धागे घट्ट जोडणारा चिकट पदार्थ) मुरवलेला पण मुदत संपलेला माल पोत्यांत भरून ठेवलेला मी रोज पाहतो. प्लास्टिकचा कपटाही तोलून नेणारा भंगारवाला या पोत्यांना हात लावत नाही. शेवटी ती कचऱ्याच्या गाडीत जातात.

पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम पदार्थाचा धागा आधी हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला आणि मग ऑक्सिजनविरहित भट्टीत १००० अंशांच्याही वर तापवून कार्बन फायबर बनते. इतकी ऊर्जा खाऊन तयार झालेला, पोलादाच्या जेमतेम पाव घनतेचा हा धागा कचराभूमीत कुजतही नाही. त्यात मुरवलेली इपॉक्सी (रेझिनचा एक प्रकार) एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. मात्र ऑक्सिजनविना ४५० ते ६०० अंशांपर्यंत तापवल्यास ती विघटित होते आणि धागा बऱ्याच अंशी ताकद राखून सुटा होतो. कोरड्या, म्हणजे रेझिन न लागलेल्या, कात्रणांना तर या भट्टीचीही गरज नाही.

असा धागा आखूड आणि विस्कटलेला असतो, म्हणून तो नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनसारख्या वितळणाऱ्या प्लास्टिकमध्ये मिसळणे मला सर्वांत योग्य वाटते. काम सोपे मात्र नाही. मी कात्रणे बारीक करून नायलॉनच्या दाण्यांबरोबर टाकून पाहिली, तेव्हा ती हॉपरच्या (यंत्रात माल ओतायच्या नरसाळ्याच्या) तोंडाशीच कापसासारखी अडली. त्यासाठी दोन स्क्रूचा एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून, मिसळून बाहेर ढकलणारे यंत्र) हवा आणि प्लास्टिक वितळल्यानंतर धागा बाजूच्या फीडरने आत जायला हवा, म्हणजे तो कमी तुटतो. पॉलिप्रॉपिलीन धाग्याला नीट धरत नाही. म्हणून पकड वाढवण्यासाठी त्यात मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन थोडे मिसळावे लागते. शिवाय या धाग्याची धूळ वीजवाहक असल्याने ती पॅनेलमध्ये शिरून शॉर्टसर्किट करू शकते, त्वचेलाही खाज आणते. म्हणून धूळ ओढणारी यंत्रणा आणि कामगारांना मास्क, हातमोजे अनिवार्य असावेत.

एकट्या छोट्या गाळेधारकाला हा खर्च झेपणारा नाही. लघुउद्योगांच्या समूहांसाठी सामायिक सुविधा केंद्रे उभारण्याची सरकारी योजना आहे. तिच्यातून मुंबई परिसरात एक भट्टी आणि एक एक्स्ट्रूडर उभा राहावा, तयार दाण्यांची चाचणी माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत किंवा पवईच्या आयआयटीत व्हावी, आणि कोरडी कात्रणे व रेझिनचा माल वेगवेगळ्या पोत्यांत ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर घालावे, अशी माझी विनंती आहे. धारावीत प्लास्टिक निवडून त्याचे दाणे करणारे हात आहेत, आमच्याकडे मोल्डिंग यंत्रे आहेत. अडते ते या दोहोंमधल्या टप्प्यावर. सुरुवात एका वसाहतीतल्या कोरड्या कात्रणांपासून करता येईल, आणि त्या चाचण्यांसाठी माझ्या गाळ्यातले एक यंत्र देण्याची माझी तयारी आहे.

– एक मोल्डिंग व्यावसायिक, अंधेरी (पूर्व), मुंबई