मनूस, शनिवारच्या शोआधी

प्रिय मनू,

परवा फोन तू ठेवलास की मी, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत नाही. रेंज गेली असं म्हणू आणि सोडून देऊ. फोनवर मला नीट बोलता येत नाही, आवाज चढतो आणि मग तू "बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही" म्हणतेस, म्हणून टाइप करतोय. अंबरनाथ ते बदलापूर गाडीत उभ्या उभ्या अर्धं लिहिलंय, चुका काढू नकोस.

आधी आनंदाची गोष्ट. तू कॉलेजच्या घोडेस्वारी टीमची पॉइंट रायडर झालीस. मला हे काय असतं ते चिकूने समजावलं, की एका क्लासमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या एका गटात, कॉलेजच्या कितीही मुली उतरल्या तरी कोच आधी एकीचंच नाव देतो, टीमच्या खात्यात फक्त तिचे गुण जातात, पहिली आली तर 7, दुसरीला 5, तिसरीला 4. आणि पहिल्याच वर्षी तुझं नाव! मी शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं, कुणाला काही कळलं नाही, पण पेढे खाल्ले सगळ्यांनी.

मग त्याच चिकूच्या तोंडून निसटलं की मागच्या आठवड्यात प्रॅक्टिसला कँटर करताना, म्हणजे घोडा दौडवताना, पडलीस आणि दोन दिवस डोकं दुखत होतं. त्याच्यावर चिडू नकोस, त्याला वाटलं आम्हाला माहीत आहे. मी फक्त एकच विचारलं होतं, हेल्मेट बदललंस का, आणि तू म्हणालीस वरून एक ओरखडाही नाही. अगं, ओरखडा नसतोच! आत जो थर्माकोलसारखा थर असतो तो एकदाच दबतो, दबला की संपला, वरचं कवच चकचकीत राहतं. वीस वर्षं मी कंपनीत हेच शिकवतोय लोकांना. एकदा आपटलेलं हेल्मेट टाकून द्यायचं. बस, यावर आता बोलणार नाही.

आईने विचारायला सांगितलंय की थंडी किती आहे आणि ते थर्मल घालतेस की नुसतेच नेलेस. आत्याचं आमच्याकडे परत सुरू झालंय, पण ते सविस्तर नंतर.

मी थोडं वाचलं तुमच्या स्पर्धेबद्दल, रात्री झोप लागेना म्हणून. 1967 मध्ये तिथल्या अमेरिकेतल्याच एका कॉलेजच्या पोराने हे सुरू केलं, कॅकियोनी नाव त्याचं, स्वतःचा घोडा परवडत नाही अशा मुलांनाही उतरता यावं म्हणून. हे मला फार आवडलं, खरंच. घोडे आयोजक कॉलेजचे, चिठ्ठी काढायची, जो येईल त्याच्यावर बसायचं, आणि जज घोड्याला नाही तर तुमच्या बैठकीला मार्क देणार. असं नसतं तर आपल्यासारख्याच्या घरातली मुलगी तिथे दिसलीच नसती. 2023 ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या त्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात, आपल्याला सांघिक सुवर्ण मिळालं, घोडेस्वारीत 41 वर्षांनी, चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता, तेव्हा कात्रण कापून फ्रिजवर लावलं होतंस आठवतंय? ती मुलं युरोपात राहून तयारी करत होती, तिथूनच घोडे विमानाने नेले. मी तेव्हाच मनात म्हटलं होतं, पोरी, एवढं काही आपल्याच्याने व्हायचं नाही. तू मात्र चिठ्ठीवाला रस्ता शोधून काढलास.

अण्णाकाकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे बारगीर झाली की! शिलेदार कधी होणार?" आणि मग तासभर इतिहास. शिवाजी महाराजांच्या फौजेत सरकारी पागेतला घोडा बारगिराला मिळायचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा, पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद, एक पाणी आणणारा पखालजी. मी म्हटलं, एवढी व्यवस्था त्या काळात होती, मग माझ्या मुलीला घोडा कुठला ते बसेपर्यंत नीट कळतही नाही हे कसं काय?

म्हणजे मला सगळ्यात त्रास याचाच होतो. वॉर्म-अप नाही. सकाळी दुसरंच कुणीतरी त्याला फिरवणार, तुम्ही कुंपणाबाहेरून बघायचं, मग वर चढायचं ते थेट रिंगणात. टोकियो ऑलिंपिकची ती जर्मन मुलगी, आनिका श्लोय, पेंटाथलॉनची, पाच खेळ मिळून एक असतो तो. 2021. सोन्याच्या जागी होती ती, चिठ्ठीत सेंट बॉय नावाचा घोडा आला, त्याने उडी मारायला साफ नकार दिला, ही रडतेय, सगळं जग बघतंय, शेवटी 31वी आली. तिला निदान 20 मिनिटं तरी मिळाली होती त्याच्याबरोबर. त्या प्रकारानंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली, पॅरिस शेवटचं. हो, कळलं, तुमच्या क्लासमध्ये उडी नाही, फ्लॅट आहे, वॉक-ट्रॉट-कँटर. पण तू पडलीस तेही कँटरलाच ना.

सॉरी. लेक्चर झालं.

तुला घोड्यांचं मी काय सांगणार, आजोळ माथेरानचं असलेल्या मुलीला. उन्हाळ्यात दस्तुरीवर उतरलो की तू बॅग माझ्या अंगावर टाकून चाचांच्या घोड्यांकडे पळायचीस. संध्याकाळी पर्यटक संपले की घोडे परत नेताना चाचा तुला राजावर बसवायचे, खोगीर काढलेलं, नुसती आयाळ धरून, आणि तू लाल मातीने रंगून आजीकडे यायचीस. आजी ओरडायची, मीही ओरडायचो, पण बाजारपेठेतून तू त्याच्यावर बसून येताना दिसलीस की माझी मान ताठ व्हायची हे आज सांगतो. राजा तरी कुठे आपला होता. आज राजा, उद्या ती चावरी पांढरी घोडी, परवा कुठलाही, आणि प्रत्येकाशी तू आधी बोलत बसायचीस. चाचा म्हणायचे खांद्याकडून जा, नाकासमोर उभी राहू नको, तिथलं त्याला दिसत नाही, आणि हात उलटा करून हुंगू दे. शनिवारी अर्धा मिनिट मिळाला तरी तेवढं कर. कान मागे गेलेले दिसले तर... जाऊ दे, तुला माहीत आहे.

डोकं पुन्हा दुखलं का? प्रकाशाचा त्रास, मळमळ, काही? कॉलेजचं हेल्थ सेंटर आहे, फुकट आहे, तूच सांगितलं होतंस. जाऊन ये. आणि पॉइंट रायडर आहे म्हणून कोचला नाही म्हणता येत नाही असं मनात असेल तर ते काढून टाक. टीमला पुढच्या शनिवारी दुसरी मुलगी मिळेल. मी हे तुला घाबरवायला लिहीत नाहीये. घाबरलोय मी, ते वेगळं.

बूट त्या सीनियरचे आहेत, मान्य. कोटही तिचाच, मान्य. खोगीर घोड्याबरोबर येतं, तेही मान्य. हेल्मेट मात्र कुणाचं वापरलेलं घ्यायचं नाही, ते कधी कुठे आपटलंय आपल्याला काय माहीत. नवीन घे, आत एसईआयचा, म्हणजे सुरक्षा तपासणीचा, शिक्का असलेलं. पैसे काल टाकलेत, आईला रक्कम सांगू नकोस, तिला गॅलरीच्या ग्रिलसाठी ठेवलेत असं वाटतंय. दुसऱ्या कशावर खर्च केलेस तर मला कळेल. कसं कळेल ते विचारू नकोस.

तुमची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, आम्ही जागेच असू. चिकू म्हणतो कुणी लाइव्ह करेल, नाही केलं तर निकालाचा मेसेज टाक. सहावी आलीस तरी 1 मिळतो, मी बघितलंय.

बाबा

ता. क. आईचे मेथीचे लाडू कुरियरने निघालेत, रूममेटला कडू लागतील, तिला आधी सांग. आणि हेल्मेटचा फोटो पाठव. बाहेरून नको, आतल्या लेबलचा, तारीख दिसेल असा.