बॅटरीच्या गिअरची सायकल हिवाळ्यात सांभाळायला शिकवल्याबद्दल

लष्कर, ग्वाल्हेर

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी सरेपर्यंत तिघऱ्याच्या रस्त्यावर पहाटे चार हातांवरचं दिसत नाही आणि पुढच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच याची खात्री नसते. तेव्हा सायकली घरात राहणार, हे ठरलेलंच. पण तारेच्या गिअरची सायकल कोपऱ्यात टेकवून दोन महिने विसरली तरी चालतं आणि बॅटरीच्या गिअरची, म्हणजे जिचे गिअर छोटी मोटर बदलते ती, उभ्या उभ्या बिघडते, हे तुम्ही आम्हाला वेळेवर सांगितलंत. तेही नवीन काही विकत घ्यायला न लावता. दुकानात गर्दी असतानाही डिरेलर (चेन एका चकरीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) हातात धरून एकेक भाग उलगडून दाखवलात, त्याबद्दल हे जाहीर पत्र. लष्कर-मुरारमध्ये अशा सायकली आता वाढताहेत आणि सगळे तेच प्रश्न घेऊन तुमच्याकडे येतात. म्हणून तुमचं सांगणंही इथे लिहून काढतो, म्हणजे तुमचा थोडा वेळ वाचेल.

सगळ्यांत उपयोगी पडलं ते स्रॅम कंपनीच्या गिअरबद्दलचं. त्यांच्या एएक्सएस या बिनतारी गिअरच्या डिरेलरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. सायकल हलली की ते जागं होतं. जिन्याखाली ठेवलेल्या सायकलीला येता-जाता धक्का लागतो, पोरं पेडल फिरवतात, कामवाली बाई झाडताना ती सरकवते. प्रत्येक वेळी थोडी वीज जाते. उपाय सोपा आहे. पुढच्या आणि मागच्या डिरेलरची बॅटरी काढायची, बॅटरीला तिचं प्लॅस्टिकचं झाकण लावायचं आणि डिरेलरच्या रिकाम्या जागेत सोबत आलेला ठोकळा बसवायचा, म्हणजे टोकांवर धूळ-दमट बसत नाही. हे दोन तुकडे बहुतेकांच्या घरी खोक्यात तसेच पडून असतात, ते शोधा. दोन्ही बॅटऱ्या सारख्याच असल्याने अदलाबदल झाली तरी बिघडत नाही.

शिमानो कंपनीच्या डी-आय-टू या बॅटरीच्या गिअरची गोष्ट वेगळी. तिथली बॅटरी बहुधा सीटपोस्टच्या (सीटखालच्या दांड्याच्या) आत असते, दर हिवाळ्यात उपसून काढायची ती वस्तू नव्हे. ती जागच्या जागी राहू द्यायची, पण शिफ्टरवर (हँडलवरच्या गिअर बदलायच्या बटणांवर) कशाचाही दाब नको. सायकल भिंतीला किंवा दुसऱ्या सायकलीला अशी टेकली की बटण दाबलेलंच राहतं, तर यंत्रणा गिअर बदलण्याचा हुकूम मिळाल्यासारखी वागत राहते आणि बॅटरी उतरते. म्हणून स्टँडवर किंवा हुकावर, हँडल मोकळं. वायर उपसायची वेळ आलीच तर बोटांनी किंवा पकडीने ओढायची नाही. अकरा स्पीडच्या (मागे अकरा चकऱ्या असलेल्या) वायरला टीएल-ईडब्ल्यू०२ आणि बारा स्पीडच्या वायरला टीएल-ईडब्ल्यू३०० हे हत्यार लागतं. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

चार्ज किती ठेवायचा यावर आमच्यात बराच वाद होता, तो तुम्ही मिटवलात. लिथियमची बॅटरी शंभर टक्के भरून महिनोन् महिने ठेवली तर हळूहळू तिची ताकद कमी होते आणि रिकामी ठेवली तर त्याहून वाईट होतं. व्होल्टेज फार खाली गेलं की आतलं संरक्षण सर्किट तिला बंद करतं, मग चार्जरही तिला ओळखत नाही. निम्मी ते दोन-तृतीयांश भरलेली ठेवावी आणि महिन्यातून एकदा बघावी. डी-आय-टूमध्ये स्थिर हिरवा दिवा म्हणजे ठीक, लुकलुकता हिरवा म्हणजे साधारण निम्मी, लाल म्हणजे पाव आणि लुकलुकता लाल म्हणजे संपली. पुढचं डिरेलर हलेनासं झालं पण मागचं चालतंय, तर तो बिघाड नव्हे. बॅटरी उतरली की यंत्रणा आधी पुढचं बंद करते, मग मागचं, आणि सायकल तेव्हा ज्या गिअरमध्ये असेल त्यातच अडकते.

शून्याखाली चार्ज करू नका, रस्त्यावरचं मीठ धुऊन काढा, हे सल्ले युरोप-अमेरिकेतल्या बर्फाच्या हिवाळ्यासाठी आहेत. आपल्याकडे जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो, त्याने बॅटरीला काही होत नाही. डी-आय-टूची बॅटरी चार्ज करण्याची मर्यादा शून्य ते ४५ अंश आहे. आपल्याला सांभाळायची ती वरची टोकाची, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतली. थंडीत खरा त्रास दवाचा. रात्री गारठलेली सायकल सकाळी उबदार खोलीत आणली की धातूवर पाणी धरतं. ती तासभर तशीच राहू द्या, कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि मगच चार्जर लावा. पांघरायला जुनी चादर चांगली. प्लॅस्टिक आतला दमट बाहेर जाऊ देत नाही.

गिअर कुठे ठेवून सायकल उभी करायची, इथे मात्र तुम्ही आमची जुनी सवय मोडलीत. तारेच्या गिअरमध्ये चेन मागच्या सर्वांत लहान चकरीवर आणतात, कारण तार आणि स्प्रिंग सैल पडतात. इथे तारच नाही आणि डिरेलरला मोटर जागेवर धरून ठेवते, त्यामुळे ते कारण उरत नाही. उलट लहान चकरीवर डिरेलर सर्वांत बाहेर आलेलं असतं आणि दाराची चौकट, स्कूटर, बादली यांचा धक्का आधी त्यालाच बसतो. म्हणून मागे सर्वांत मोठी चकरी, पुढे लहान. म्हणजे ते चाकाच्या आत दडून राहतं. हे बॅटरी काढण्याआधी करायचं, एवढं लक्षात ठेवा.

जागेबद्दल तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी कुठल्याही पुस्तिकेत नसतील, आणि आपल्या घरांत दोन्ही असतात. एक, इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी सायकल नको. पाण्याच्या बॅटरीतून चार्ज होताना आम्लाचे सूक्ष्म थेंब उडतात आणि वायरचे जोड, स्पोक, स्क्रू काळे-हिरवे पडतात. दुसरी, गव्हाच्या कोठीची खोली. धान्यात सल्फासच्या गोळ्या घातल्या असतील तर त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो माणसाला जीवघेणा आहेच, शिवाय तांबं आणि चांदी खातो. डिरेलर, शिफ्टर आणि चार्जर यांच्या आत याच दोन धातूंचे जोड असतात. अशा खोलीत सायकल ठेवायचीच नाही. शिवाय धान्य तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे कुरतडलेली वायर. हुकाला टांगताना दोरी सुतळीची नको, तारेची घ्या.

बाकीचं थोडक्यात, कारण ते साध्या सायकलीसारखंच आहे. चेन ब्रश आणि फडक्याने साफ करून, कोरडी करून हलकं तेल द्यावं. रॉकेलचा फवारा मोटरच्या अंगावर जाता कामा नये आणि ब्रेकच्या डिस्कवर कसलाही फवारा नको. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाच्या) ब्रेकची सायकल फार काळ उलटी ठेवली तर हवेचा बुडबुडा नळीत चढतो. चाक काढलं असेल तर ब्रेकच्या दोन पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घालून ठेवा, नाहीतर कुणी ब्रेक दाबला की पॅड जवळ येऊन बसतात. दर पंधरा दिवसांनी चाक अर्धं फिरवावं आणि हवा पाहावी; ट्यूबलेस टायरमधलं, भोक बुजवणारं लॅटेक्स एका जागी साचून वाळतं. फेब्रुवारीत प्रत्येक टायरमध्ये ३० ते ४० मिली नवीन घातलं की पुरतं.

शिफ्टरच्या बटण सेलकडे मात्र सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. स्रॅमच्या रोड शिफ्टरमध्ये प्रत्येकी एक सीआर २०३२ असतो, बारा स्पीडच्या, शिफ्टरला वायर नसलेल्या डी-आय-टूत प्रत्येकी दोन सीआर १६३२. दीड-दोन वर्षं चालतात. मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असून एकाच बाजूचा शिफ्टर गप्प असेल, तर आधी हाच सेल बदला. डी-आय-टूत जोडीतले दोन्ही एकदम, एक नवा एक जुना नाही. झाकणाची रबरी कड जागेवर बसली का तेही पाहा.

धुकं उठल्यावर पहिल्या दिवशी बॅटरी पूर्ण भरून, सायकल स्टँडवर चढवून सगळे गिअर वर-खाली फिरवायचे. फर्मवेअर (गिअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं असेल तर ते याच दिवशी, उतरलेल्या बॅटरीवर कधीच नाही. मागच्या डिरेलरचा आवाज येतो पण चकरी बदलत नाही, असं झालं तर डी-आय-टूचं धक्क्यापासूनचं संरक्षण लागू झालेलं असू शकतं. लाल दिवा लागेपर्यंत यंत्रणेचं बटण (शिफ्टरवरचं नव्हे) दाबून धरायचं आणि पेडल फिरवून गिअर बदलायचा. तरीही मधल्या चकऱ्यांवर खडखड राहिली तर ॲपमध्ये बारीक समायोजन करत बसण्यापेक्षा आधी हँगर (मागचं डिरेलर ज्यावर बसतं तो धातूचा तुकडा) तपासून घ्यावा. तो दोन मिलीमीटर वाकला असेल तर मोटर कितीही अचूक असली तरी चेन जागेवर बसत नाही. हँगर सरळ करायचं माप तुमच्याकडे आहे, त्यामुळे त्या कामाला आम्ही तुमच्याकडेच येऊ. पण फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सगळे एकदम नाही, वेळ ठरवून.

तुमची विद्यार्थी मंडळी,
तिघरा रस्त्यावरचे पहाटेचे सायकलवाले