‘तीव्र झटक्याने निधन’ म्हणजे नेमके काय?

महोदय,

मैदानावर, जिममध्ये किंवा गरब्यात कुणी कोसळून गेले की सगळ्याच वृत्तपत्रांत ठरलेले वाक्य येते : ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन’. आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण या एका वाक्यात दोन वेगळे आजार कोंबलेले असतात.

झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखतंय म्हणून सांगतो, त्याला रुग्णालयात नेता येते. दुसरा आजार कार्डियाक अरेस्ट, म्हणजे हृदयाचे काम अचानक थांबणे. त्यात बिघाड हृदयाच्या ठोक्यांना चालना देणाऱ्या विजेचा असतो. हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात, मेंदूचे रक्त तुटते आणि माणूस काही सेकंदांत खाली येतो. झटक्यातूनही असा अरेस्ट होऊ शकतो. छाती दाबून रक्त फिरते ठेवले नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. आपल्या रस्त्यांवरून १०८ ची गाडी कितव्या मिनिटाला पोहोचेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

या थरथरीवर इलाज म्हणजे डिफिब्रिलेटर या यंत्राने दिलेला विजेचा शॉक. तो बंद पडलेले हृदय ‘चालू’ करत नाही. उलट ती सगळी थरथर क्षणभर एकदम थांबवतो, म्हणजे हृदयाला स्वतःची लय पुन्हा धरता येते. (सिनेमात पडद्यावर सरळ रेष आली की डॉक्टर शॉक देतात. खऱ्या आयुष्यात सरळ रेषेला शॉक देत नाहीत.) सार्वजनिक ठिकाणी ठेवायचे एईडी मशीन (स्वयंचलित डिफिब्रिलेटर) तर पट्ट्या कुठे चिकटवायच्या हे बोलून सांगते, हृदयाची लय स्वतः तपासते आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही. ‘आपल्या हातून भलतंच काही झालं तर?’ ही भीती म्हणूनच फोल आहे.

हे मला उशिरा कळले. दोन वर्षांपूर्वी आमच्या सकाळी फिरायच्या कट्ट्यावरचे एक गृहस्थ बोलता बोलता बाकावरून घसरले. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तळपाय चोळले, कुणी तोंडात पाणी घातले. मधूनच ते आचका देत होते, म्हणून ‘श्वास चालू आहे’ असे आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. तो श्वास नव्हता. अरेस्टमध्ये असे आचके येतात, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हते. मी निवृत्त क्रीडाशिक्षक. तीस वर्षे मुलांना त्रिकोणी पट्टी बांधायला शिकवली, छाती दाबायला नाही. माणूस हाक मारून, हलवून उठत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचे, एवढेच तर होते.

मशीन मात्र होते. शेजारच्या क्लबच्या ऑफिसात, काचेच्या कपाटात. ऑफिस दहाला उघडते.

अमेरिकेत लास वेगासच्या जुगारघरांत सुरक्षारक्षकांना हे मशीन वापरायला शिकवले होते. त्यावरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत ज्यांना पहिला शॉक मिळाला, त्यांतले ७४ टक्के लोक जिवंत घरी गेले. शॉक देणारे डॉक्टर नव्हते, दारावरचे रखवालदार होते. आमच्या सोसायटीचा वॉचमन, नाट्यगृहातला डोअरकीपर, शाळेतला शिपाई यांना हे एका दुपारी शिकवता येईल.

आपल्याकडे मागणे एवढेच. अशी बातमी पुन्हा आली तर ‘तीव्र झटका’ लिहून थांबू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत छाती कुणी दाबली का, जवळचे मशीन किती पावलांवर होते आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे होती, हे आपल्या बातमीदाराने विचारावे आणि छापावे.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, ठाणे