शुक्रवारची गाणी, शनिवारचा संघ

कोल्हापूर, डिसेंबर २०२५

प्रिय भावा,

परवा फोनवर तू एका दमात दोन गोष्टी बोललास, मग तुझी बस आली आणि फोन ठेवलास. पहिली, फँटसी लीगनं, म्हणजे इंग्लंडच्या लीगमधले खरे खेळाडू निवडून आपला कागदावरचा संघ करायचा आणि त्यांच्या खेळावर पॉइंट मोजायचे त्या खेळानं, फुटबॉलची मजा घालवली. गोल पडला की आधी मनात येतं, हा आपल्या संघात आहे का, आणि आनंद व्हायचा की नाही ते त्यावर ठरतं. म्हणून यंदा तू टीमच केली नाहीस. दुसरी, गेल्या दहा वर्षांत पुन्हा ऐकावं असं एकही गाणं आलेलं नाही. तू आपला जुन्याच याद्या लावतोस आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून राहतोस.

मला दोन्ही पटलं नाही. फोनवर एवढं बोलता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय. सावकाश वाच.

मला या दोन तक्रारी मुळात एकच वाटतात. जे आधीच सिद्ध झालंय तेच तुला हवंय. जुनं गाणं चांगलं आहे हे सगळ्या जगानं सांगून झालंय. गेल्या मोसमात कुणी किती गोल केले तेही छापून आलंय. त्यात आपल्याला काही ठरवावं लागत नाही. पण फँटसीत सगळी गंमत डेडलाइनच्या अलीकडे आहे. शंभर मिलियन खोटे पाउंड, पंधरा खेळाडू, एका क्लबचे तिघांपेक्षा जास्त नाहीत, आणि पहिल्या सामन्याच्या नव्वद मिनिटं आधी दार बंद. जे काय वाटतंय ते त्याच्या आत सांगायचं.

लिव्हरपूलच्या सालाहचंच बघ. २०२४-२५ मध्ये २९ गोल, १८ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास, आणि फँटसीत ३४४ पॉइंट. एका मोसमात इतके पॉइंट आजवर कुणालाच मिळाले नव्हते. साहजिकच यंदा सुरुवातीला त्याची किंमत १४.५ मिलियन लागली, सगळ्यांत महाग. तरी लोकांनी डोळे झाकून घेतला, कारण आकडा समोर होता. आणि नोव्हेंबर सरता सरता तो लिव्हरपूलच्या सुरुवातीच्या अकरांत दिसेना, ओळीनं तीन सामने. एवढ्यानं सालाह लहान होत नाही, आपल्या काळातला तो फार मोठा खेळाडू आहे. पण मागच्या वर्षीचे पॉइंट यंदा कुणालाच विकत मिळत नाहीत. तुझ्या गाण्यांच्या याद्यांबद्दल मला हेच म्हणायचंय. त्यातली गाणी उत्तमच आहेत, पण ती तू निवडलेली नाहीस. आपण आठवी-नववीत असताना ती आपल्यापर्यंत आपसूक आली.

माझा शुक्रवार आता कसा जातो ते सांगतो. १० जुलै २०१५ पासून जगभर नवीन गाणी शुक्रवारी प्रसिद्ध होतात. त्याआधी अमेरिकेत मंगळवारी, इंग्लंडमध्ये सोमवारी असा प्रत्येक देशाचा वार वेगळा होता. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी उद्यमनगरातून घरी आलो की जेवणाआधी मी त्या आठवड्यात आलेली, कधीच न ऐकलेली तीन-चार गाणी लावतो. शेवटपर्यंत ऐकायची, मधे पुढे सरकवायचं नाही. ती चालू असतानाच टीम उघडतो. शुक्रवारी रात्री सामना असेल तर हिवाळ्यात आपली डेडलाइन बाराला येते, नाहीतर शनिवारी दुपारी साडेचारला. तोपर्यंत एक कॅप्टन, म्हणजे ज्याचे पॉइंट दुप्पट धरतात तो खेळाडू, आणि एक गाणं ठरवायचं. दोन्हींबद्दल तेव्हा जगात कुणाचंच मत पक्कं झालेलं नसतं, आणि मला नेमकं तेच आवडतं.

आता तुझी पहिली तक्रार. आनंद होण्याआधी हिशोब होतो, म्हणतोस. मी तुला यंदाच्या पहिल्या रात्रीबद्दल सांगतो.

१५ ऑगस्टला शुक्रवार होता. ॲनफिल्डवर लिव्हरपूल आणि बोर्नमथ. आपल्याकडे डेडलाइन रात्री अकराला आणि सामना साडेबाराला. त्याच रात्री कृष्णजन्म. गल्लीतल्या देवळात बाराला पाळणा झाला, सुंठवडा घेतला आणि मी घरी येऊन टीव्ही लावला. त्यांचा फॉरवर्ड डिओगो जोटा गेल्यानंतरचा लिव्हरपूलचा तो लीगमधला पहिलाच सामना. ३ जुलैला स्पेनमध्ये गाडीच्या अपघातात तो आणि त्याचा भाऊ दोघंही गेले. वय अठ्ठावीस. लग्नाला दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. मी लिव्हरपूलचा नाही, तुला माहीत आहे. पण आपल्या मित्रांच्या फँटसी लीगमध्ये जोटा दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या संघात असायचाच. दुखापतीतून परत येणार कधी, आला की किती मिनिटं मिळणार, डोक्यानं गोल कसे करतो, हे आपण वर्षानुवर्षं बोलत आलो. बातमी आली तेव्हा लीगच्या ग्रुपवर पॉइंटचं नावही कुणी काढलं नाही. एकानं फक्त त्याचा फोटो टाकला आणि दिवसभर कुणीच काही लिहिलं नाही. फँटसीमुळे माणसांचे आकडे होतात, असं तू म्हणतोस. मला तर तो खेळाडू फँटसीमुळेच इतका जवळचा झाला होता. एरवी दुसऱ्या क्लबच्या, बेंचवरून येणाऱ्या फॉरवर्डकडे मी इतकी वर्षं कशाला बघितलं असतं?

विसाव्या मिनिटाला, म्हणजे त्याच्या वीस नंबरच्या जर्सीसाठी, स्टेडियम त्याचं गाणं गाऊ लागलं. क्लबनं तो नंबर आता कायमचा बाजूला ठेवलाय.

त्याच सामन्यात आणखी एक गोष्ट घडली. अंत्वान सेमेन्यो, तेव्हा बोर्नमथकडून खेळणारा घानाचा विंगर. त्याला मी त्याच संध्याकाळी संघात घेतलं होतं. आदल्या मोसमात अकरा गोल, दोन्ही पायांनी सारखाच मारतो, आणि बाथ सिटी, न्यूपोर्ट अशा छोट्या क्लबांतून लोनवर खेळत खेळत इथवर आलेला. पहिल्या हाफमध्ये एका प्रेक्षकानं त्याला वर्णावरून शिव्या दिल्या. त्यानं पंचांना सांगितलं, खेळ थांबला. हे बघताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्याच पोरानं दुसऱ्या हाफमध्ये दोन गोल मारले. दुसरा तर आपल्या अर्ध्यातून बॉल घेऊन एकटा पळत गेला. दोन-शून्यचं दोन-दोन झालं. पुढे लिव्हरपूलनं चार-दोननं सामना जिंकला तो भाग वेगळा. पहाटे अडीचला मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. त्याच्या नावापुढे किती पॉइंट लागले ते मी दुसऱ्या दिवशी बघितलं. आणि सामना संपल्यावर सालाह प्रेक्षकांसमोर एकटा उभा राहून रडत होता, लोक जोटाचं गाणं गात होते. तो तर माझ्या संघात नव्हताही. हिशोब आनंदाच्या आधी येतो म्हणतोस ना, त्या रात्री तो माझ्या आसपासही नव्हता.

त्या गाण्याचं थोडं सांगायलाच हवं, कारण तुझ्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर त्यात आहे. त्याची चाल लिव्हरपूलची नाही. ती १९६९ च्या एका अमेरिकन रॉक गाण्याची आहे. २०१४ चा वर्ल्डकप ब्राझीलमध्ये झाला तेव्हा अर्जेंटिनाच्या लोकांनी त्याच चालीवर स्पॅनिश शब्द बसवले आणि ब्राझीलला त्यांच्याच घरात चिडवत महिनाभर गात फिरले. आठवतंय का, आपल्याकडे तेव्हा अर्जेंटिना आणि ब्राझील अशा पेठाच वाटल्या गेल्या होत्या, चौकाचौकात झेंडे आणि कटआउट? तीच चाल पुढे लिव्हरपूलच्या पोरांनी जोटासाठी उचलली, चिडवण्याची ऐटबाज धून म्हणून. आणि तो गेल्यावर तेच शब्द, तीच चाल, पण ऐकताना घसा दाटतो. म्हणजे गाणं जुनं की नवं? छप्पन्न वर्षांची चाल आहे, पण त्या रात्री ते गाणं जन्मल्यासारखं वाटलं. नवीन संगीत म्हणजे आकाशातून पडलेला सूर, अशी वाट बघत बसलास तर ते कधीच येणार नाही. ते असंच येतं, कुणीतरी आपली गरज घेऊन जुन्या चालीला हात घालतो तेव्हा.

मराठीतही हेच चाललंय, फक्त तुझं लक्ष नाही. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडची 'गुलाबी साडी' आली. ती तुला लग्नाच्या वरातींत ऐकून ऐकून नकोशी झाली, ते समजू शकतो. पण गावातला एक पोरगा कुठल्याही मोठ्या सिनेमाचा आधार न घेता मराठीत गातो आणि ज्यांना मराठीचं अक्षर कळत नाही असे लोक जगभर त्यावर नाचतात, हे आपल्या लहानपणी कधी झालं होतं? त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' आलं, तेही नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून. मला ते जास्त आवडतं. हाउस म्युझिकचा एकसारखा ठोका आणि त्यावर मराठी शब्द तुटक तुटक, वाद्यासारखे वाजतात. हेडफोन लावून ऐक. त्या ठोक्यात शाहू स्टेडियमच्या गॅलरीतली हलगी आहे, असं मी म्हणेन. तू हसशील, पण ऐकल्यावर सांग. रीलवर पंधरा सेकंद ऐकून गाणं नापास करणं म्हणजे हायलाइट्स बघून डिफेंडर निवडणं.

डिफेंडरवरून आठवलं. यंदा एक नियम आलाय, तो तुला फार आवडेल. डिफेंडरनं एका सामन्यात क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून दहा केले की दोन पॉइंट. मिडफिल्डर आणि फॉरवर्डला बारा लागतात, आणि त्यात सुटलेला बॉल परत मिळवलेलाही धरतात. म्हणजे संघ तीन-शून्यनं हरला तरी ज्यानं नव्वद मिनिटं मागं घाम गाळला त्याची नोंद होते. आपल्या स्टेडियमवरच्या जुन्या माणसांना हे केव्हापासून कळत होतं. पाटाकडील आणि दिलबहार हे आपले तालमींचे संघ खेळत असले तरी त्यांचं लक्ष गोलपेक्षा स्टॉपर बॅक कुठे उभा आहे यावर. तू बारका असताना तुझ्या वडिलांशेजारी बसून हेच शिकलास की. या नियमामुळे मी पुन्हा तसा बघायला लागलोय, बॉल नसलेल्या माणसाकडे. गाण्यातही मग तसंच होतं. परवा एका नवीन गाण्यात मी सबंध वेळ फक्त बास ऐकत बसलो.

वहिनींना एक नक्की सांग. त्यांना हा जुगार वाटतो, आणि त्यांची भीती खोटी नाही. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ॲपांनी घरं बुडवली. ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून तसले खेळ बंद केले ते बरंच झालं. आपली लीग त्यातली नाही. इंग्लंडच्या लीगचा हा अधिकृत खेळ २००२ पासून चालतो, फुकट आहे, आणि आपल्यात कुणी कुणाला रुपया देत नाही. पैसा आला असता तर मीच पहिला बाहेर पडलो असतो. शनिवारी रात्री आठ-दहा मित्र एकाच वेळी एकाच गोष्टीवर बोलतात, मला त्यात एवढंच हवं असतं. तू गेल्यापासून त्या बोलण्यात एक खुर्ची रिकामी आहे, आणि मला ते जाणवतं. बाकीचे पॉइंटवर बोलतात. खेळावर बोलायचास तो तू.

तर आता कामाचं. यंदा वाइल्डकार्ड, फ्री हिट, बेंच बूस्ट, ट्रिपल कॅप्टन या मोसमात मोजक्या वेळाच वापरायच्या खास चाली, सगळ्या दोनदा मिळतात. एक संच एकोणिसाव्या गेमवीकपर्यंत, म्हणजे सामन्यांच्या एकोणिसाव्या फेरीपर्यंत, दुसरा त्यानंतर. म्हणून मी विसाव्या गेमवीकपासून, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मोजणारी वेगळी मिनी-लीग उघडतोय. सगळे शून्यावरून सुरू करतील, त्यामुळे आता शिरलास तरी तू कुणाच्या मागे नसशील. कोड व्हॉट्सॅपवर टाकतो.

या लीगला एक जादा नियम आहे. प्रत्येकानं डेडलाइनच्या आत कॅप्टनबरोबर एक गाणंही द्यायचं. गाणं त्याच आठवड्यात आलेलं पाहिजे, भाषा कुठलीही चालेल. त्या गेमवीकला ज्याचे पॉइंट सगळ्यांत जास्त, त्याचं गाणं उरलेल्यांनी सोमवारी शेवटपर्यंत ऐकायचं आणि दोन ओळी लिहायच्या. नुसतं 'भारी' चालणार नाही, का भारी ते लिहायचं. बाकीच्यांनी मान्य केलंय.

तुझी टीम तूच कर, माझ्याकडून यादी मागू नकोस. मी फक्त एवढं सांगेन की एक जागा अशा खेळाडूला ठेव ज्याच्याबद्दल अजून कुणीच काही बोलत नाहीये, पण तुला आतून काहीतरी वाटतंय. आणि पहिलं गाणंही तसंच निवड. शनिवारी साडेचारच्या आत दोन्ही ग्रुपवर टाक.

वहिनींना आणि पोरांना नमस्कार. मे महिन्यात इकडे आलास तर स्टेडियमवर जाऊ, तिकिटं मी काढतो.

तुझाच,
गल्लीतला सेंटर हाफ